टेम्पोतल्या म्हशीची चाल

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. चुलत्यांच्या तेराव्याला काष्टीच्या भजनी मंडळाबरोबर ते पेटी वाजवायला आले होते. बसल्यावर त्यांनी पेटीवर फुंकर मारली, डोळे मिटले आणि अभंग सुरू केला.

चाल टेम्पोतल्या म्हशीवरच्या त्या धांगडधिंगा गाण्याची होती! हेच गाणं वरातीत डीजेवर, निवडणुकीत उमेदवाराच्या नावानं आणि घंटागाडीवर कचऱ्याच्या नावानं वाजून झालं होतं. मागची पोरं खांदे हलवू लागली. चुलते गेल्यापासून काकू कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांना काय वाटेल? घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे असं काही सांगायचं काम माझ्याकडेच येतं.

मी चाचरत त्यांच्या कानाशी म्हणालो, "काका, दुसरी चाल घेता का? दुःखाचं घर आहे."

ते डोळे मिटूनच म्हणाले, "पोरा, म्हशीनं घेतली, कचऱ्यानं घेतली. देवानं घेतली तर काय बिघडलं?"

तेवढ्यात बायकांतून काकूंचा आवाज आला, "चालू द्या वो! पोरीच्या लग्नात ह्याच गान्यावर नाचताना आमच्या ह्यांचं धोतर सुटलं हुतं!" आणि तोंडाला पदर लावून त्या खुदकन हसल्या.

पेटीवाल्यांनी एकच डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि लय वाढवली.