वरच्या जबड्यातले दोन स्क्रू

माझ्या बायकोच्या वरच्या जबड्यात दोन स्क्रू होते. टायटॅनियमचे. त्यांच्यावर समोरचे चार दात बसायचे होते. ते बसले नाहीत.

स्क्रूबद्दल मला कुणी शिकवू नये. जबलपुरात माझं आयुष्य खिळे आणि स्क्रू विकण्यात गेलं. पेट्यांच्या फळ्यांतून निघालेले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे आणि वजनावर विकायचे, अशी माझी सुरुवात. आज स्वतःचं दुकान आहे, मागे गोदाम आहे. जवळच्या पाटणकडचे शेतकरी कोठाराच्या कड्या-कोयंड्यासाठी माझ्याकडेच येतात आणि भाव करताना घाम पुसतात. माझा मोठा भाऊ सरकारी फॅक्टरीत लागला, तिथूनच पेन्शनवर निघाला. चारचौघांत माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, "हा आमचा खिळेवाला." हसत म्हणायचा, म्हणून कुणाला वाईट वाटायचं नाही. मला वाटायचं.

पण हे माझ्याबद्दल नाही. तिच्याबद्दल आहे.

हिरड्या सुजून तिचे समोरचे दात हलायला लागले आणि एकेक करून गेले. मग काढती-घालती कवळी केली. टाळूला चिकटणारी, गुलाबी. ती बोलताना सुटायची, म्हणून ही जीभ वर दाबून बोलायची. घरात चाललं. आमच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या भावाच्या घरी बसतात. जिथे मोठा, तिथे देव, हा आमच्या कुळाचा नियम. आम्ही दोघं दरवर्षी तिकडे जेवायला. त्या वर्षी पंगतीत कोणीतरी काहीतरी बोललं आणि ही खळखळून हसली. कवळी सुटली ती थेट आंबिलीच्या वाटीत.

वहिनी वाढत होती. पातेलं हातात तसंच धरून ती म्हणाली, "अवो माय! महालक्ष्मीपुढं दातांचा निवद ठेवून राहिली का?"

सगळी पंगत हसली. भाऊ तर ठसका लागेपर्यंत हसला. सगळ्यात वाईट म्हणजे हीसुद्धा हसली, बोळक्या तोंडानं, मग पदरात कवळी गुंडाळून उठली. तिनं ती कवळी परत घातली नाही. हसायची तेव्हा पदर तोंडावर असायचा, माझ्यासमोरसुद्धा. आणि मी त्या घरात पाय ठेवला नाही. तिलाही जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातच दोन सुपाऱ्या मांडल्या होत्या. त्यांच्यापुढे भाजी-भाकरीचा निवद होता. आम्हाला मूल नाही. त्यामुळे तिच्या आयुष्यात सण म्हणजे तो एकच होता, हे मला माहीत होतं. म्हणूनच राग दुप्पट होता.

मी ठरवलं, हिला असे दात करायचे की कुणाच्या बापाला निघणार नाहीत.

विजय नगरमध्ये एक तरुण डॉक्टरीण आहे. तिच्याकडे गेलो. तिनं प्लास्टिकचा जबडा काढून दाखवला: इथे हाडात स्क्रू जाईल, तो मुळाच्या जागी; त्यावर एक खुंटी; खुंटीवर टोपी, म्हणजे दिसणारा दात. चार दातांना दोन स्क्रू पुरतील. बाजूचे चांगले दात घासून बारीक करावे लागणार नाहीत.

मी स्क्रू हातात घेतला. आटे बारीक होते, पण पृष्ठभाग खरखरीत. मी म्हणालो, "मॅडम, ये तो खुरदरा है. पॉलिश नहीं किया? माल में खोट है."

"खुरदरा ही चाहिए अंकल. हड्डी उसी में घुसती है."

"और इसको कसने के बाद दाँत उसी दिन क्यों नहीं? हम तो पेच कसते हैं और दरवाजा उसी दिन लटकाते हैं."

ती हसली. "अंकल, लकड़ी मरी हुई होती है. हड्डी जिंदा है. आपका पेच लकड़ी को पकड़ता है. यहाँ उल्टा है. हड्डी पेच को पकड़ती है. धीरे-धीरे. उसको अपना मान लेती है."

हे मला पटायला वेळ लागला. तिनं समजावलं की दात गेला की हाडाला वाटतं आता आपलं काम संपलं, आणि ते झिजायला लागतं. म्हणून उशीर करू नये. हिच्या हाडाची तिनं एक्स-रे फिल्म काढली. जाडी पुरेशी होती, थोडी भर घालावी लागणार होती. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत, म्हणून काही महिने थांबायचं. मग पुन्हा फिल्म काढून बघायचं, हाडानं धरलं की नाही. धरलं असेल तर दात. नसेल तर स्क्रू काढून परत पहिल्यापासून.

"मतलब नहीं भी पकड़ सकता है?"

"ज्यादातर पकड़ लेता है."

मी किमतीची घासाघीस सुरू केली. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी माल वाईट म्हणायचं, मग उठायचं, दारापर्यंत जायचं. मी दारापर्यंत गेलो. ती पेशंटच्या नोंदी लिहीत बसली. हाक मारलीच नाही. मीच परत आलो. म्हणालो, "ठीक है. गारंटी?"

"स्क्रू की गारंटी कंपनी देती है अंकल. हड्डी की कोई नहीं देता."

शेजारी बसलेली ही तेव्हा पुढे सरकली. तिचं हिंदी मोडकं, त्यात दात नाहीत, तरी ती बोलली, "दीदी, गन्ना खा सकूँगी?"

डॉक्टरीण म्हणाली, "गन्ना दाँत से छीलकर? नहीं आंटी. काटकर, पीछे के दाँत से."

"एक पोर?"

"आंटी..."

"ग्यारस को. सिर्फ एक. आगे से."

तिनं डॉक्टरणीकडून कार्तिकी एकादशीला एक कांडं कबूल करून घेतलं, तेही हळू, जपून, वर्षातून एकदा. जे मला जमलं नाही ते हिनं दोन मिनिटांत केलं. बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. ही पदराआडून हसत होती. "तुम्ही भांडता जी," ती म्हणाली. "मागत नाही."

लहानपणी तुळशीच्या लग्नाला मांडवाचे ऊस उतरले की ती समोरच्या दातांनी साल सोलून काढायची, कोयत्याशिवाय, असं ती शंभर वेळा सांगायची. यंदा एकादशीला उसाच्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.

गुढीपाडव्यानंतर स्क्रू घातले. भूल दिली होती, तिला दुखलं नाही. मी बाहेर बसून ड्रिलचा आवाज ऐकत होतो. तो आवाज मला दिवसभर ऐकायची सवय आहे. त्या दिवशी कानावर हात ठेवावेसे वाटले. मग हिरडी शिवून टाकली. बाहेरून काही दिसत नव्हतं. मऊ खायचं, जोर लावायचा नाही, तोंड स्वच्छ ठेवायचं. ती सगळं पाळायची. डॉक्टरणीनं सांगितलं त्याहून जास्त पाळायची. मुगाची खिचडी, दलिया, केळं. चहाबरोबरचा टोस्टसुद्धा सोडला.

आणि रोज सकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न.

"धरलं असंल का जी?"

"मला काहून विचारतेस? तुझं तोंड, तुझं हाड."

"तुम्हाला कळते ना पेचाचं."

"लाकडातलं कळते."

"मला वाटून राहिलं धरलं म्हणून. आतून घट्ट लागते."

मग जिभेनं तिथे चाचपायची. डोळे मिटून, जसं कुणी दार वाजतंय का ते ऐकतं तसं. पावसाळ्यात एकदा म्हणाली, "दात बसले की महालक्ष्म्यांना जाऊ." मी ताटावरून उठलो. ती म्हणाली, "बरं, बसा. नाही जात." पण मला कळलं होतं की तिला दात उसासाठी हवे होते हे खरं, आणि त्या पंगतीसाठी हवे होते हे जास्त खरं. तिथं जाऊन तोंड उघडं टाकून हसायचं होतं तिला.

दसरा झाला. फिल्म काढायची तारीख ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली. मी म्हणालो, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, चहा घ्या." हार्ट होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी ते दोघं आले, भाऊ आणि वहिनी. तिला न्यायच्या आधी तोंडात तुळस, नर्मदेचं पाणी आणि सोनं ठेवतात. सोनं शोधायला कुणी कपाट उघडायला लागलं, तेवढ्यात वहिनीनं स्वतःच्या गळ्यातल्या पोतीतला सोन्याचा मणी दातांनी तोडला आणि हिच्या तोंडात ठेवला. तिची बोटं हिच्या रिकाम्या हिरडीला लागली असणार. ती तिथेच मटकन बसली आणि हंबरडा फोडून रडली. मी ते पाहिलं. मला तो मणी आठवतो आणि ते आंबिलीच्या वाटीचंही आठवतं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर राख सावडायला गेलो. मी, भाऊ आणि गुरुजी. नर्मदेचं पाणी उतरत होतं, काठाला चिखल होता. राखेवर दूध-पाणी शिंपडून आम्ही वाकून अस्थी वेचायला लागलो. मी पायाकडून, भाऊ डोक्याकडून. त्याला नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन टाळतो. बोटांनी चाचपून चाचपून मडक्यात टाकत होता.

"हे काय लागलं?" तो म्हणाला. "खिळा दिसते. लाकडात राहिला असंल."

घाटावरच्या टालीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, जुनी दारं-चौकटी फोडलेलं लाकूडही येतं, त्यात खिळे असतात. सावडताना खिळा लागला की तो बाजूला फेकतात, अस्थींत लोखंड नको म्हणून. आमच्यात सगळे असंच करतात. त्यानंही तेच केलं. हात मागे नेला आणि पाण्यात भिरकावला.

मला एक क्षण काहीच कळलं नाही. मग कळलं.

मी राखेत गुडघे टेकून त्याच्या जागेवर गेलो, दोन्ही हातांनी राख उपसायला लागलो. गुरुजी म्हणत होते, "अरे भैया, ऐसे नहीं, ऐसे नहीं." दुसरा सापडला. काळा पडला होता, पण आटे शाबूत होते. आणि त्या आट्यांत, खोबणीखोबणीत, पांढरं काहीतरी गच्च बसलं होतं. मी अंगठ्यानं घासलं. निघेना. नखानं खरवडलं. निघेना.

हाड होतं.

मी उठलो आणि भावावर ओरडलो. घाटावरचे लोक वळून बघायला लागले. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी एवढं म्हणालो, "खिळा! जन्मभर तुला खिळाच दिसला! दोनदा बोळकी केली तुम्ही तिला. एकदा पंगतीत, एकदा इथे!"

तो राखेचे हात पुढे धरून उभा होता. "काय होतं ते?" त्यानं विचारलं. खरंच माहीत नव्हतं त्याला. आम्ही कुठे सांगितलं होतं? बोलणंच नव्हतं.

मी सांगितलं. ओरडतच सांगितलं. स्क्रू, हाड, महिने, फिल्म, सगळं.

गुरुजींनी माझ्या हातातल्या स्क्रूकडे पाहिलं. "ये अलग कर दीजिए. धातु है, अस्थि के साथ नहीं जाएगा."

इथे माझा धंदा कामी आला. मी म्हणालो, "गुरुजी, सोना जाता है?"

"सोने की बात अलग है."

"सोना हमने ऊपर से रखा. इसको तो हड्डी ने खुद पकड़ा है. देखिए. छुड़ाके दिखाइए. हड्डी छूट जाए तो अलग कर दूँगा."

त्यांनी स्क्रू घेतला, नखानं ओढून पाहिलं, उजेडात धरला. मग मडक्यात टाकला. आयुष्यातला तो एकच सौदा मी दारापर्यंत न जाता जिंकला.

मडकं घेऊन मी काठावर आलो तेव्हा भाऊ पाण्यात होता. धोतर मांडीपर्यंत ओलं, कंबरेत वाकलेला, दोन्ही हात चिखलात. जिथे फेकलं होतं तिथून तो कितीतरी पुढे शोधत होता. त्याला कुठे फेकलं ते दिसलंच नव्हतं. पाणी गढूळ, वाहतं. तिथे काही सापडायचं नव्हतं, हे मला माहीत होतं, गुरुजींना माहीत होतं. त्यालाही असणार.

मी अस्थी सोडल्या. मडकं एकदा डुललं आणि बुडालं.

भाऊ न वळताच म्हणाला, "मग धरलं होतं का रे, हाडानं?"

सहा महिने रोज सकाळी विचारलेला प्रश्न. मी त्याचं उत्तर कधी दिलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं आणि विचारणारा हा होता.

"धरलं होतं," मी म्हणालो.

तो मान हलवून पुन्हा वाकला. मी त्याला बाहेर ये म्हणालो नाही. निघूनही गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो, तो शोधत होता तोवर.