देवमन पडघानांचा चहाचा कप

रिठद फाट्यावरचे मिस्त्री देवमन पडघान गाडी तपासायला कसलंच यंत्र वापरत नाहीत. इंजिन चालू करायचं, टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा कप मागवायचा, तो इंजिनावर ठेवायचा आणि बघत उभं राहायचं. चहा सांडला नाही तर इंजिन ठणठणीत. मग तो चहा ते पिऊन टाकतात. पैसे अर्थात गिऱ्हाइकाचे. मी मास्तर, शाळा सुटली की रोज तिथे बसतो, पण त्यांना स्वतःच्या पैशाचा चहा पिताना कधी पाहिलेलं नव्हतं.

केनवडची रत्नमाला नर्स आहे. लसीकरणाला जाताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावं लागू नये म्हणून तिनं जुनी चारचाकी गाडी घेतली. पण लायसनच्या ट्रायलला ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा आठच्या आकड्याच्या वळणावर गाडी बंद पडली. पहिल्या वेळेनंतर तिचा नवरा संघदीप गाडी घेऊन देवमनकडे आला. चहा सांडला नाही.

"गाडीले काई नाई झालं," देवमननं सगळ्यांदेखत निकाल दिला. "पोरगी क्लच लवकर सोडते."

मीही मान डोलावली. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, पण मान डोलवायला काय लागतं? दोन दिवसांत ही गोष्ट केनवडभर झाली. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर संघदीप म्हणाला, "आता नापास झाली तं गाडी इकून टाकू."

तिसऱ्या ट्रायलच्या आठवडाभर आधी रत्नमाला नवऱ्याला न घेता, स्वतःच गाडी चालवत, तणतणत फाट्यावर आली. शिकाऊ लायसन म्हणून सोबत बसायला सासरे होते, ते टपरीवर टेकले. शेडमध्ये शेषराव नावाच्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर उभा होता, म्हणून तिची गाडी बाहेर उन्हातच राहिली. कप इंजिनावर ठेवला. ऊन तोंडावर येत होतं. तपासणी झाली की गाडी लिंबाखाली घ्यावी म्हणून तिनं बसल्या बसल्या स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवलं. इंजिन कण्हलं, हादरलं आणि बंद पडलं. चहा देवमनच्या बाहीवर.

"क्लच सोडला का?"

"काका, गाडी न्यूट्रल हाये. माहे पाय तं पायडलवर नाईतच."

 देवमननं दुसरा कप मागवला आणि तिला पुन्हा स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या कपाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, तेव्हा मामला गंभीर आहे हे मला कळलं.

स्टेअरिंग हलकं करणारा पंप इंजिनाच्याच जिवावर फिरतो. चाक पूर्ण वळवलं की त्याचा भार इंजिनावर येतो. तेव्हा एक लहानसा स्विच खबर देतो आणि इंजिन आपली गती थोडी वाढवून सावरतं. रत्नमालाच्या गाडीत त्या स्विचची वायर उंदरानं कुरतडली होती. खबरच पोचत नव्हती. आणि देवमनची शेड इतकी अरुंद की गाडी सरळ आत, सरळ बाहेर. इंजिनावर कप असताना कुणी कधी स्टेअरिंग वळवलंच नव्हतं.

वायर दहा मिनिटांत जोडून झाली. देवमनचा चेहरा मात्र उतरलेलाच राहिला.

रविवारी ते मला म्हणाले, "मास्तर, केनवडले चाला. मान तं तुमीबी हालवली होती." मला नाही म्हणता येईना. विहारात वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, आणि देवमन उभे राहिले.

"आत्ताच खोटं बोलनार नाई म्हनलं. म्या या पोरीवर खोटा ठपका ठेवला. तिचा क्लच चांगला हाये. माही तपासनी चुकली." संघदीप खाली बघत होता. मला त्या क्षणी माझ्या मानेची लाज वाटली आणि देवमनचा फार अभिमान वाटला.

मंगळवारी दुपारी फाट्यावर हॉर्न वाजला. गाडी रत्नमाला चालवत होती, शेजारी संघदीप पेढ्यांचा पुडा धरून बसला होता. शेडसमोर आली, एक हिसका बसला आणि गाडी बंद पडली. सगळा फाटा बघत होता. देवमन पाना घेऊन धावले.

"राहू द्या काका, बोनेट नका उघडू," ती खिडकीतून हसत म्हणाली. "या वक्ती क्लचच होता. माही चूक हाये."