मेलेल्या माणसाचा आठवडा

इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या धक्क्यावर वारा सुटला की मासळीचा जुना वास अजूनही घराघरांत शिरतो. बोटी गेल्या, वास राहिला. क्लिफर्ड हेथॉर्नचं तसंच झालं होतं. ट्राममधली तिकीट तपासनिसाची नोकरी संपली, ऐट राहिली.

त्या ऐटीचं मूळ दूर स्पेनच्या टेनेरिफ बेटावर होतं. तिथल्या एका हॉटेलातला फेब्रुवारीतला एक आठवडा त्यानं जन्मभरासाठी विकत घेतला होता. खोली नव्हे, नुसता आठवडा! दरवर्षी देखभालीचा खर्च भरायचा आणि सात दिवस मालक म्हणून उन्हात लोळायचं. हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या क्लबात तो "आमची स्पेनमधली मालमत्ता" असं सुरू करायचा, तेव्हा त्याची बायको बेरिल आपल्या चहाच्या कपात बघत बसायची.

खर्च चढत गेला, पेन्शन होती तिथंच राहिली. क्लिफर्डनं पैसे भरणं थांबवलं. बढाई थांबवली नाही.

मग तिकडून फोन येऊ लागले. एक बाई गोड आवाजात थकबाकी, व्याज, कोर्ट असलं काहीबाही बोलायची. बिनतिकिटाच्या पोरांना कान धरून ट्राममधून उतरवणारा हा गडी फोन वाजला की संडासात जाऊन बसायचा.

क्लबातला एक निवृत्त वकील बेरिलला म्हणाला, "एवढ्याशा रकमेसाठी ते समुद्र ओलांडून कशाला येतील? तिथं ज्याचा पगार, ज्याचं बँकखातं, त्याची मात्र धडगत नाही." तिनं ते नवऱ्याला सांगितलं. तरी फोन वाजला की कडी लागायचीच.

एकदा कडीआडून तो ओरडला, "तिला सांग, मी मेलो!"

बेरिलनं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "फार वाईट झालं हो. वारस कोण?"

"वारस विचारतेय," बेरिल दाराला म्हणाली.

आत पाणी सोडल्याचा आवाज आला. क्लिफर्ड बाहेर आला तो चेहरा उजळूनच. का, ते बेरिलला त्या दिवशी कळलं नाही.

कळलं ते जनीनच्या लग्नात. एकुलती एक लेक, नर्स. त्याच बेटावरचा आयराम नावाचा आचारी तिनं निवडला होता. लग्न झालं की तिकडच्याच इस्पितळात रुजू होणार होती. क्लबाच्या हॉलमध्ये मटणाचे पॅटिस आणि बिअर चालली असताना क्लिफर्ड उभा राहिला.

"लोक लेकीला चादरी देतात, किटल्या देतात. मी माझी स्पेनमधली मालमत्ता देतोय!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. जनीन रडतच त्याच्या गळ्यात पडली. "डॅड, अरे, एवढं कशाला?"

त्यानं कागद आणि पेन पुढं केलं. "सही कर, बाळ. इथं एक, आणि खाली एक."

चाळीस वर्षं बेरिलनं ह्या माणसाची फुशारकी पदराआड झाकली होती, आणि आज तो स्वतःचं ओझं लेकीच्या पाठीवर टाकून वर टाळ्या घेत होता. ती उठली आणि तिनं जनीनच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"बेरिल, खाली बस."

"तू बस. मेलेल्या माणसानं उभं राहू नये."

लोक हसले. बेरिल लेकीकडे वळली.

"तीन वर्षांचे पैसे थकलेत, पोरी. ह्याच्यापर्यंत हॉटेलवाले पोचत नाहीत. तू तर त्यांच्या दारात राहायला चाललीस. पहिला पगार हातात यायच्या आधीच कापला असता."

जनीन बापाकडे बघत राहिली. "डॅड?"

"नंतर सांगणारच होतो," क्लिफर्ड टेबलाकडे बघत पुटपुटला. हातातली बिअर मात्र त्यानं खाली ठेवली नाही.

पुढच्या काही वर्षांत कोणी त्याला पकडलं नाही, वसुलीसाठी घरातली खुर्चीसुद्धा कोणी नेली नाही. पण त्या बेटाच्या विमानतळावर आपल्यासाठीच माणसं उभी असतील, अशी धास्ती त्यानं घेतली ती घेतलीच. बेरिल दर हिवाळ्यात एकटी लेकीकडे जाते, नातवाला खेळवते. हा क्लबात सांगतो, "मला ऊन मानवत नाही." आता कोणी हसतही नाही.

ह्या वर्षी ती निघाली तेव्हा तो दारात घुटमळला. "बेरिल, थोडे थोडे करून पैसे भरले, तर मला येता येईल का गं?"

"त्यांना विचार की. फोन तिथंच आहे."

टॅक्सीत बसताना घरातला फोन वाजलेला तिनं ऐकला. वळून बघितलं, तर दार उघडंच होतं आणि दारात कोणी नव्हतं. संडासातला दिवा तेवढा लागला होता.