गोधडीतलं पोतं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की पिंपळवंडीत थंडीची तयारी सुरू होते. तयारी म्हणजे तरी काय? इथे काही बर्फ पडत नाही. पत्र्याच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, बंबासाठी लाकडं आडोशाला रचायची आणि जुनी लुगडी बोचक्यात बांधून प्रयागबाईच्या ओट्यावर नेऊन टाकायची. गोधडी शिवावी तर तिनेच. लुगडं फाटेल, पण तिचा टाका सुटायचा नाही.

गावभर तिच्या गोधड्या, फक्त एक घर सोडून. थोरल्या जावेसाठी, लंकाबाईसाठी, तिने आजवर सुईत दोरा ओवला नव्हता आणि लंकाबाईचीही मागायची छाती झाली नव्हती.

प्रयागबाईचा नवरा ऐन पावसाळ्यात गेला आणि दसरा होताच थोरल्या दिराने घर वाटलं. मागच्या दोन खोल्या हिला आल्या. भांडीकुंडी पुरुषांनी वाटली, पण गोधड्यांची चवड लंकाबाईने सगळीच्या सगळी आपल्याकडे ओढली. तुम्ही दोघीच मायलेकी, तुम्हाला कशाला एवढं, म्हणाली. त्या चवडीत सासूने शिवलेली जाड गोधडीही गेली. आरती जन्मली तेव्हा सासूने प्रयागबाईचा लग्नातला हिरवा शालू मागून घेऊन खास नातीसाठी ती शिवली होती. तेवढी तरी द्या, म्हणून प्रयागबाई पदर पसरून उभी राहिली. लंकाबाईने दार लोटून घेतलं.

तो हिवाळा मायलेकींनी बाजरीच्या उसवलेल्या पोत्याखाली काढला. आरतीच्या गळ्यावर पुरळ उठलं. पोर खाजवून खाजवून रडायची, आणि भिंतीपलीकडे लंकाबाईने कूस बदललेली ऐकू यायची. प्रयागबाईने ते पोतं पुढे फेकलं नाही. धुऊन, घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. हे फुकट जाणार नाही, एवढं मात्र तिने मनाशी धरलं होतं.

यंदा, इतक्या वर्षांनी, संधी आपल्या पायांनी चालत आली. लंकाबाईच्या मुलाने स्लॅबचा बंगला बांधला. चकचकीत फरशी, सरकत्या खिडक्या, दिसायला झकास. पण म्हातारीची हाडं काकडून गेली. बाजारच्या गुबगुबीत ब्लँकेटात तिचा जीव घुसमटायचा. सून स्नेहल नुकतीच लग्न होऊन आलेली. घरातली जुनी पापं नव्या सुनेला कोण सांगतो? ती सासूला न विचारताच बोचकं घेऊन प्रयागबाईकडे आली. वरून लुगडी, आणि आत भरायला एक जुनी गोधडी. जुन्या गोधडीला नवं लुगडं चढवून घ्यायची रीतच आहे.

प्रयागबाईने गाठ सोडली. जुन्या गोधडीच्या कोपऱ्यात हिरव्या शालूचा तुकडा होता.

तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. राग आला, तेव्हाचाच, पण अगदी ताजा. तिने स्नेहलला चहा पाजला, झाली की निरोप धाडते म्हणाली, आणि ती गल्लीतून वळताच पेटी उघडली.

इतकं मन लावून तिने कुणाचंच काम केलं नव्हतं. सासूची गोधडी बाजूला काढली आणि तिच्या जागी पोतं अंथरलं. तेही मधोमध नाही, तर अंगाकडच्या बाजूला, एका विरलेल्या लुगड्याच्या आड. चार दिवस पांघरली की पोत्याची टोचरी कुसं वर यायलाच हवीत. कडेने लाल काठ लावला, टाके घातले बारीक. स्नेहल बघून हरखली. लंकाबाईलाही वाटलं, जाऊ सगळं विसरली.

मार्गशीर्षात थंडी मी म्हणायला लागली. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून देवाला विनवत होते. प्रयागबाई त्याच देवाला म्हणायची, अजून पडू दे.

एका सकाळी लंकाबाई काठी टेकत तिच्या अंगणात आली. ओट्याच्या कठड्यावर सासूची गोधडी उन्हाला घातलेली होती. लंकाबाईने ती पाहिली आणि ओळखली.

"प्रयागे, माझ्या गोधडीत पोतं हाय."

"हाय."

"लई टोचतंय गं. डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"टोचंलच की. आरतीच्या अंगावरचं हाय ते. तिला टोचायचं तवा तुमी आईकत व्हता."

लंकाबाई ओट्यावर टेकली. ते उसवून काढ, मी हात जोडते, असं हलक्या आवाजात म्हणाली. प्रयागबाईने आतून कात्री आणून तिच्यापुढे ठेवली.

"तुमीच उसवा घरी बसून. सून इचारंल, आत्याबाई, आत पोतं कुटनं आलं? सांगा तिला समदं."

लंकाबाईने कात्रीला हात लावला नाही. कठड्यावरच्या गोधडीवर मात्र तिने तळवा ठेवला. उन्हाने ती छान तापली होती. प्रयागबाईने तिच्या हाताखालून ती ओढून घेतली, आरतीची लेक संक्रांतीला येतेय, तिला लागेल, म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

बाहेर बराच वेळ काठी हलली नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला. प्रयागबाई गोधडी उराशी धरून दाराशी उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.