तुकियेमचा डबा

लास्मिनीच्या हातात दिलं म्हणजे पोचलं, असं गावात लोक डोळे झाकून म्हणत. शिवणकामाचं कापड आणायला ती आठवड्यातून दोनदा जावातल्या पोनोरोगोच्या बाजाराला जायची, तेव्हा तिच्या पिशवीत कुणाच्या लेकीसाठी चटणी, कुणाची औषधाची चिठ्ठी, असं काहीबाही असायचंच. एकदा पुलावर पाणी आलं, तर ही बाई कमरेइतक्या पाण्यातून दुसऱ्याची कोंबडी डोक्यावर घेऊन पलीकडे गेली. "माझी असती तर दिली असती सोडून," असं म्हणून ती स्वतःच खो खो हसायची. कुणी परगावी निघालं की त्याच्या गळ्यात आपलं ओझं घालायचं आणि त्यानं ते मुकाट न्यायचं, ही आमच्याकडची रीतच. पण लास्मिनीला त्याचा तोरा होता. तीस वर्षांचा तोरा, काय थोडा का असतो?

बासष्टाव्या वर्षी तिच्या मुलानं, हेंद्रोनं, तिला चार दिवस सिंगापूर दाखवायचं ठरवलं. बरोबर सून वुलान आणि सहा वर्षांची नात किनान. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारची तुकियेम बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे.

"हा विजीला दे."

लास्मिनी बघतच राहिली. विजी म्हणजे तुकियेमची एकुलती एक लेक, नऊ वर्षं सिंगापुरात एका घरी कामाला. चार वर्षांपूर्वी बाप गेला, मालकिणीनं सुट्टी दिली नाही, पोरीला मातीला येता आलं नाही. तेव्हापासून तुकियेम लेकीशी एक शब्द बोललेली नव्हती. विजीचा फोन आला की ही परसात निघून जायची.

"काय आहे गं यात?"

"तेंपे. सोयाबीन घरीच आंबवून वडी थापली, काप करून कडक तळलेत. मिरची, गूळ, लिंबाची पानं. तिला आवडतं."

"आणि सांगू काय तिला?"

"काही नको. खाल्लं की कळेल तिला."

लास्मिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार वर्षांचा राग त्या डब्यात विरघळला होता, हे तिला काय कुणी समजावून सांगायला हवं होतं? तिनं डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला.

विजीला सुट्टी रविवारी. ही मंडळी पोचली शुक्रवारी. दोन दिवस त्यांनी शहर पायाखाली घातलं. नदीकाठ पाहिला, सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणी पाहिलं, काचेच्या इमारतींपुढे फोटो काढले. पण किनान काही खाईना. भाताला वास येतो म्हणे, शेवया गिळगिळीत म्हणे. शनिवारी दुपारी नदीकाठच्या बाकावर पोरगी मलूल होऊन आईच्या मांडीवर पडली, तेव्हा लास्मिनीचा जीव कळवळला. डबा पिशवीतच होता, कारण खोलीत ठेवायला तिचं मन धजत नव्हतं.

"दोन काप काढले तर काय बिघडतंय?" ती म्हणाली. लक्षात घ्या, तीच म्हणाली, दुसरं कुणी नाही.

"आई, दुसऱ्याचं आहे ते," वुलान म्हणाली.

"नातीपेक्षा डबा मोठा का?" हेंद्रो म्हणाला आणि त्यानं नखानं चिकटपट्टी सोडवली.

झाकण उघडलं आणि परक्या मुलखात घरचा घमघमाट सुटला. किनान उठून बसली. कोऱ्या भाताबरोबर तिनं मूठभर खाल्लं. मग हेंद्रोनं चव बघितली. मग 'दुसऱ्याचं आहे' म्हणणाऱ्या सुनेनंही. आणि लास्मिनी? गूळ जरासा पुढे झालाय, असं मनाशी म्हणत तिनं चौथा घास घेतला, पाचवा घेतला. हात तिचाच होता आणि तिला आवरता येत होता, पण तिनं आवरला नाही. भानावर आली तेव्हा तळाशी चुरा उरला होता. कुणी कुणाकडे बघेना.

रविवारी सकाळी विजी पाया लेबारच्या स्टेशनबाहेर उभी होती. इस्त्रीचा कुडता, ओठांना लाली. लांबूनच "बुदे!" करून धावत आली. बुदे म्हणजे मोठी मावशी. तिनं लास्मिनीचा हात कपाळाला लावला.

"अगं बाई, किती वाळलीस!"

"वाळले कुठली बुदे, धावपळीनं आटले! द्या ती पिशवी इकडे. तुमचे खांदे काय ओझं वाहायला केलेत?"

"राहू दे गं, मी घेते."

"गावभर ओझी वाहिलीत ना, आज एक दिवस मी वाहते." तिनं पिशवी ओढूनच घेतली. आत डबा खुळखुळला.

महिन्यात तिला दोनच रविवार मोकळे, त्यातला एक तिनं यांच्यासाठी घालवला. कुठली बस, कुठल्या मशिदीत हातपाय धुवायची सोय चांगली, कुठं तेंपे घातलेला भात मिळतो, सगळं तिला पाठ. बागेत किनानला कडेवर घेऊन फुलं दाखवली. खांद्यावर पिशवी दिवसभर तशीच. पावलागणिक डबा खुळखुळे. आता सांगते, या झाडापाशी सांगते, बसमध्ये बसल्यावर सांगते, असं करता करता संध्याकाळ झाली. कमरेइतक्या पाण्याला न भ्यालेली बाई एका पोरीपुढे तोंड उघडायला घाबरत होती.

सहा वाजता विजीनं स्टेशनात पिशवी परत केली. सातच्या आत तिला कामावर पोचायचं होतं. तिनं आईसाठी एक शाल दिली आणि घुटमळली.

"बुदे... आई काही म्हणाली?"

"म्हणाली ना. जिवाला जप म्हणाली."

विजी हसली. "आई असं बोलत नाही हो. काही म्हणाली नसेल तर राहू दे. मला सवय आहे."

ते 'सवय आहे' लास्मिनीच्या काळजात घुसलं. तिनं पिशवीतून डबा काढला आणि विजीच्या हातात ठेवला.

"तिनं हे पाठवलं होतं. तेंपे. माझ्या समोर उभी राहून म्हणाली, खाल्लं की कळेल तिला. आम्ही खाल्लं, विजी. पोरीचं निमित्त झालं, पण मीसुद्धा खाल्लं, पोट भरून. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते."

विजीनं झाकण उघडलं. स्टेशनात खायला बंदी, दंड होतो. तिनं नुसतं नाक खाली नेलं आणि तशीच उभी राहिली. लोक बाजूनं जात होते. मान वर केली तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं गाल भिजले होते.

"लिंबाची पानं घातलीत," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून घालायची नाही म्हणे ती." मग डबा छातीशी धरला. "हा मी ठेवते. चुरा आहे की अजून. आणि बुदे, आईला सांगा, खाल्लं. एका बैठकीत सगळं संपवलं म्हणून सांगा."

ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर लास्मिनीला बरं वाटलं असतं.

गावी पोचल्यावर बॅग खाली ठेवायच्या आत तुकियेम दारात.

"खाल्लं तिनं?"

"खाल्लं. एका बैठकीत."

"तिखट कमी पडलं का गं?"

"तिखट बरोबर होतं," लास्मिनीच्या तोंडून निघून गेलं, "गूळ जरासा पुढे होता."

तुकियेम टाळी वाजवून हसली. चार वर्षांत कुणी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. "हे विजीचंच बोलणं! लहानपणापासून मेलीला माझा गूळ जास्तच लागतो! लावून दे बाई तिला फोन, बोलू दे मला."

त्या संध्याकाळी मायलेकी तासभर बोलल्या. लास्मिनी परसात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तुकियेम बशी घेऊन आली. बशीत कुरकुरीत काप, वर लिंबाची पानं.

"घे. एवढं लांब वाहून नेलंस आणि तुझ्या तोंडाला एक काप लागला नाही. खा माझ्यासमोर."

"नंतर खाते गं."

"नंतर नाही, आत्ता." तुकियेम कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

लास्मिनीनं एक काप उचलून तोंडात टाकला आणि मान खाली घालून चावत राहिली. या वेळी गूळ कमी होता.