पाचव्या आठवड्यातली पानं

अंशुमन दाबके आयुष्यभर नाकासमोर चालला. ब्रिस्टलला विमानाचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तो इन्स्पेक्टर होता. केसाएवढी चीर शोधायची, तिचं कारण शोधायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. त्याचा नियमही एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थांबायचं, बघायचं, आणि नंतरच दुसरीला हात लावायचा. हा नियम तो घरीही पाळायचा. बायको, अरुणा, पाहुण्यांना सांगायची, "भाजी खारट झाली ना, तर हा आधी मीठ बदलेल, आठवडाभर वेट करेल, मग पाणी बदलेल. तोपर्यंत आम्ही उपाशी!"

अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी बॉक्स-रूममध्ये, म्हणजे वरच्या अडगळीच्या छोट्या खोलीत, गांजाची तीन झाडं लावली. ज्याच्या नावावर साधं पार्किंगचं तिकीट नाही, त्याने! नाकं मुरडायची त्यांनी खुशाल मुरडावीत, पण आधी कारण ऐकावं.

अरुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता. तो लिव्हरपर्यंत पोचला, तेव्हा केमो थांबवली. दुखण्याला औषधं होती, पण तिची भूक मेली होती. फोडणीचा वास आला तरी तिला मळमळायचं. वसंतात एका खासगी क्लिनिकने गांजाचं तेल लिहून दिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ती टेबलाशी येऊन बसली. दोन थालीपिठं खाल्ली आणि तिसऱ्यावर लोणी मागितलं. ते तीन महिने या घराने सणासारखे काढले. मग त्या जातीच्या तेलाचा पुरवठाच थांबला. दुसऱ्या जातीने तिला नुसती चक्कर यायची. तिची नर्स म्हणाली होती, ख्रिसमसपर्यंत कदाचित, कदाचित तेवढंही नाही.

अरुणा म्हणाली, "जायचं ते जाईनच रे. पण एकदा मला नीट हंग्री व्हायचंय. टेबलावर बसून, हाताने, पोटभर. दॅट्स ऑल."

तेवढंच. बाकी काही मागायची बाई नव्हती ती. मग अंशुमनने कायदा गुंडाळून ठेवला. बिया कुठून आणल्या ते त्याने तिलाही सांगितलं नाही. बॉक्स-रूममध्ये चंदेरी अस्तराचा, झिपचा तंबू उभा केला, वर दिवा टांगला, वासासाठी कोळशाचा फिल्टर लावला. खालच्या मजल्यावर अरुणाचा पलंग, वर झाडं, आणि मध्ये जिन्यावर सारखा हा.

घरात चौथं कोणी नव्हतं, तिसरी होती अरुणाची आई. लीलावतीबाई सहा वर्षांपासून लेकीकडे होत्या, वय शहाऐंशी. त्यांना सांगितलं होतं की हे औषधाचं झाड आहे. त्यांनी पान बघितलं आणि हसल्या. "मला काय शिकवता अंशुमनराव? भांग आहे ही. महादेवाला वाहतात. देवाचं झाड आहे, जपा." आणि विषय संपला. लेकीसाठी त्यांनी तसेही देव पाण्यात ठेवलेले होतेच.

या झाडाची एक खोड आहे. रात्र मोठी झाली असं त्याला पटलं, तरच ते फुलतं. म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून अंशुमनने टायमर लावला. सकाळी सहाला दिवा चालू, संध्याकाळी सहाला बंद, आणि मधले बारा तास काळामिट्ट अंधार. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या केसांसारखे तुरे दिसले. त्याने फोनवर फोटो काढून अरुणाला दाखवला. तिने तो मोठा करून करून बघितला.

पाचव्या आठवड्यात पानं बिघडली. खालची पिवळी पडली, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. फुलावर आलेलं झाड जुन्या पानांतलं सत्त्व वर ओढून घेतं, हे त्याने वाचलं होतं. पण फुलांच्या आतूनच नवी पानं निघू लागली, आणि ती निराळीच होती. हाताच्या पंज्यासारखं पाच-सात बोटांचं पान यायला हवं, तिथे एकाच बोटाचं, गोलसर, मुडपलेलं पान. तुरे जिथल्या तिथे थांबले. झाड जणू फुलायचं विसरलं.

तो कामाला लागला. वही काढली, तारखा घातल्या. पहिला संशय खतावर. ते अर्ध्यावर आणलं आणि सात दिवस थांबला. फरक नाही. मग पाणी. नळाच्या पाण्यात चुना फार, म्हणून पावसाचं पाणी गाळून घातलं आणि सात दिवस थांबला. फरक नाही. मग दिवा वीतभर वर घेतला. ज्याला विचारावं असा शेजारी नाही, बागवान नाही. विचारणार तरी काय आणि कुणाला? इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, अंधारात कुठून उजेड झिरपतो का ते बघा. त्याने तेही केलं. सकाळी अकरा वाजता टायमर बंद करून हा साठी उलटलेला माणूस तंबूत शिरला, आतून झिप लावली आणि मांडी घालून दहा मिनिटं अंधारात डोळे ताणून बसला. शिवणीत दोन बारीक भोकं सापडली. ती काळ्या टेपने बुजवली आणि वहीत इंग्रजीत लिहिलं, "लाइट: ओके."

आणि खाली अरुणा दिवसेंदिवस पलंगाच्या आत आत जात होती. ती विचारायची, "झाडं काय म्हणतात?" तो म्हणायचा, "अजून थोडे दिवस." त्याला रडू यायचं, पण तो जिन्यात थांबून रडायचा आणि मगच खाली उतरायचा.

ऑक्टोबरची दहा तारीख होती. संध्याकाळी साडेसहाला तो नेहमी अरुणाचे पाय चोळत बसलेला असायचा. त्या दिवशी तिला लवकर झोप लागली, म्हणून तो वाळलेले कपडे घेऊन वर गेला. बॉक्स-रूमच्या दाराखालून उजेड येत होता.

त्याने दार उघडलं. खोलीतला ट्यूबलाइट लावलेला. तंबूची झिप वरपर्यंत उघडी. आत कुंड्यांच्या पुढ्यात स्टीलच्या ताटलीत निरांजन, आणि घडीच्या खुर्चीवर लीलावतीबाई हात जोडून, डोळे मिटून, पुटपुटत बसलेल्या.

"आई, हे काय करताय?"

"दिवा लावतेय." त्यांनी डोळे उघडले. "तुम्ही सहाला सगळं मिटून जाता. माझ्या लेकीचा जीव ज्या झाडात, ते तिन्हीसांजेला काळोखात ठेवायचं? देवाचं झाड ना हे! मला वाकून नीट दिसत नाही म्हणून वरचा लाइट लावते. श्लोक झाले की सगळं बंद करून जाते, तुमच्या वस्तूला हात लावत नाही."

"रोज?"

"पहिला तुरा आला, त्या दिवसापासून. एकही दिवस चुकले नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! खत, पाणी, चुना, भोकं, सगळं तपासलं, आणि घरातल्या माणसाला एक शब्द विचारला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा पायऱ्या चढून ही म्हातारी रोज येत होती आणि झाडाची रात्र मोडत होती. यात चूक कुणाची म्हणायची? सहानंतर उजेड चालत नाही, हे तिला सांगितलं कुणी होतं? पण तेव्हा अंशुमनला हे सुचलं नाही. अडतीस वर्षांत सासूपुढे त्याचा आवाज कधी चढला नव्हता, तो चढला.

"घालवलंत तुम्ही! आई, सगळं घालवलंत! याला अंधार लागतो! तिचं शेवटचं जेवण होतं हे, ते तुम्ही घालवलंत!"

दिवा फुंकू नये म्हणून लीलावतीबाईंनी वात तुपात ओढून शांत केली, ताटली उचलली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवघरातही दिवा लावला नाही. अरुणाने विचारलं, तर म्हणाल्या, "हात थरथरतात गं."

झाडं सावरायला निदान पाच आठवडे हवे होते. अरुणाकडे सतराच दिवस होते. सत्तावीस तारखेला ती दुपारी गेली. आदल्या दिवशी अंशुमनने चमच्याने भाताची पेज तिच्या ओठांना लावली होती. ती गिळली नाही, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हणाली.

झाडं त्याने उपटून, तुकडे करून मागच्या अंगणात पुरली. तंबू मोडला. तेरावा झाला, माणसं आली, गेली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की म्हातारी जेवत नाही. पानात वाढलेलं तसंच राहायचं. चहात बुडवून अर्धं बिस्कीट, बस. त्याने आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडचं मी काढलं. आता माझ्या कसं उतरेल?"

स्टॅनमोरहून अरुणाचा भाऊ अजय रोज फोन करायचा. डॉक्टरांनी सूप सांगितलं, टॉनिक सांगितलं. अंशुमनला माहीत होतं की इथे टॉनिकचं काम नाही. आपले शब्द त्या म्हातारीच्या घशात अडकले आहेत, ते आपल्यालाच काढायला हवेत. त्याला स्वतःची लाज वाटत होती. माफी त्याने दोनदा मागितली होती. "तुमचं काय चुकलं? खरं तेच बोललात," असं म्हणून त्यांनी ती परत केली होती.

एका सकाळी तो वही घेऊन त्यांच्यापुढे बसला.

"आई, मी पुन्हा सगळं तपासलं. दोष सापडला. चौथ्या आठवड्यात मी खत दुप्पट घातलं होतं. मुळं जळली. म्हणून पानं तशी झाली. तुमच्या दिव्याचा काही संबंध नाही."

"ट्यूबलाइट लावत होते मी."

"त्याने काही होत नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं, म्हणून ओरडलो." त्याने वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं होतं. कारण: खत जास्त. चूक: अंशुमन दाबके. खाली सही आणि तारीख. एकतीस वर्षांत हजारो रिपोर्टांवर त्याने सही केली होती. त्यांतला एकही खोटा नव्हता. हा होता.

लीलावतीबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही. माझ्यामुळे."

त्या रडल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडात धरून, मोठ्याने रडल्या. त्या दुपारी वरण-भात जेवल्या, पुन्हा वाढून घेतला. अंशुमन ओट्याशी पाठ करून उभा होता. त्याला वाटलं, चला, एक तरी काम झालं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा त्यांचा चहा घेऊन गेला. त्यांनी कप हातात घेतला नाही.

"ठेवा तिथे," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्या भरवशावर होती."

तो एक वाक्य खरं बोलला असता, तर सुटला असता, पण म्हातारीचं जेवण पुन्हा सुटलं असतं. तो कप ठेवून बाहेर आला.

त्याच रविवारी अजय त्यांना न्यायला आला. त्यांनीच बोलावलं होतं. अंशुमनने गाडीत त्यांच्या गुडघ्यांवर शाल घातली. त्यांनी ती सारखी करून घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. अजय हळूच म्हणाला, "आई जेवायला लागली, भावोजी! कसं मॅनेज केलंत?"

"आपोआप लागली," अंशुमन म्हणाला.

आता अजय दर रविवारी सकाळी अकराला फोन करतो. आई दोन्ही वेळा नीट जेवते, वजनही वाढलंय, म्हणून सांगतो. अंशुमन म्हणतो, जरा त्यांना फोन दे ना. मग अजय सांगतो, आई झोपलीय. सकाळी अकराला ती कधीच झोपत नाही, हे अंशुमनला अडतीस वर्षं ठाऊक आहे.

"झोपू दे," तो म्हणतो.