घंगाळातल्या शिवल्या

नव्वदच्या दशकात मी एम.एस्सी. करत होते. घर रोह्याजवळ वरश्याला, आणि प्रकल्पाचा विषय असा की घरच्यांना हसू आवरेना: खाडीतल्या शिवल्यांमध्ये तांबं, शिसं, जस्त किती उतरतं. शिवल्या म्हणजे खायचे शिंपले, मुंबईकरांच्या तिसऱ्या. त्या मला काढून देत वडखळच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातल्या मावशी. मिठागरात राबायच्या, ओहोटी लागली की चिखलात उतरायच्या आणि शिवल्या पेणच्या बाजारात विकायच्या.

शिवल्यांच्या पोटात चिखल असतो. तपासण्याआधी त्यांना रात्रभर खाडीच्या पाण्यात ठेवलं की त्या तो टाकतात. मावशी विकायच्या शिवल्याही तशाच ठेवत, त्यामुळे हे काम मी त्यांच्यावरच सोपवलं. सकाळी एसटीने जायचं, नमुने पिशवीत भरायचे, परत यायचं.

पहिल्याच नमुन्यांत तांबं भलतंच निघालं. मी मुळातच तापट, त्यात हातात कागद, मग काय विचारता. मावशींच्या पडवीत उभी राहून बजावलं, "या खाऊ नका, विकूही नका."

त्यांनी एकच विचारलं, "पोरांना बाधंल का गो?"

"रोज खाल्ल्या तर बाधेल."

"मग नाय विकत."

दोन आठवड्यांनी फेरतपासणीचे नमुने हवे होते. या वेळी ओहोटी बघायला मी आदल्या दिवशीच दुपारी गेले. मावशी अंगणात चिंचेने तांब्याचं घंगाळ घासत होत्या.

"हे कशाला?"

"तुझ्या शिवल्या ठेवायला. मागच्या वेळीपन यातच ठेवलेल्या. आमच्या आमी प्लास्टिकच्या टबात ठेवतो. पन तू शिकलेली, तुला मळक्या टबातलं कसं देयाचं?"

खारं पाणी आणि तांबं, रात्रभर एकत्र! नमुन्यांतलं तांबं या घंगाळातूनच उतरलं असणार. आधी त्यांचाच राग आला, मग स्वतःची लाज वाटली. भांडं कोणतं घ्यायचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि माझ्या शब्दाखातर ही बाई दोन आठवडे बाजारात गेली नव्हती.

"मावशी, चूक माझी. विका तुम्ही शिवल्या."

"नाय. मोजल्याबिगर नाय."

मी वाद घातला, त्या हलल्या नाहीत. आजही त्यांच्याबद्दल मन भरून येतं. शास्त्र शिकायला मी कॉलेजात गेले खरी, पण मोजल्याशिवाय बोलू नये, हे मला त्या अंगणात कळलं. पुढे प्रत्येक अहवालावर मोजूनच सही केली, हा सगळा त्यांचा उपकार.

या वेळचे नमुने टबातून नेले. तांबं बेताचं निघालं, बाकीचे धातूही खाण्याजोग्या मर्यादेत होते. कागद घेऊन पहिल्या एसटीने गेले. मावशींनी कागदाकडे पाहिलंही नाही. चुलीवर शिवल्यांचं कालवण रटरटत होतं. शेजारी त्यांची नात रिकामी ताटली घेऊन बसली होती.

"बसा, सांगते," मी म्हटलं.

"सांगू नको. खा."

त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी खाऊ लागले, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पाच-सहा शिवल्या खाऊन मी आणखी कालवण मागितलं, तेव्हा कुठे त्यांनी नातीची ताटली पुढे ओढली.